घोंगडीवर उघडलेला लॅपटॉप

बा,

तुला पत्र लिहायचं तर आधी तिसऱ्या माणसाला समोर बसवावं लागतं. अक्षर तुलाही येत नव्हतं, मलाही आलं नाही, त्यामुळं आपल्या दोघांतलं हे बोलणं माझ्या नातीच्या हातानं चाललंय. म्हणजे तुझी पणती. तिला बजावलंय, मी बोलेन तसं लिहायचं, स्वतःची अक्कल मध्ये घालायची नाही. कारण जे सांगायचंय ते तिच्याबद्दलच आहे, आणि ती आत्तापासूनच तोंड फुगवून बसलीय. लिही गं, हे पण लिही.

तू मेंढरं घेऊन पैठणकडून वर यायचास आणि ज्या माळावर मुक्काम टाकायचास, तो माळ शहरानं गिळला. तुझं औरंगाबाद आता संभाजीनगर झालं, आणि तुझ्या माळावर मजल्यांवर मजले चढले. त्यातल्याच एका बिल्डिंगीत मी राहते. पाणी तेवढं तुझ्या वेळचंच राहिलं. यंदाही पावसानं पाठ दाखवली. नळ कधी येणार ते नळालाच ठाऊक, आणि खाली टँकर आला की शिकल्या-सवरल्या बाया हंड्यावरून अशा भांडतात की मला माहेरची आठवण येते.

पोरगी कॉलेजात आहे. तिच्याकडं तिच्या बापाचा जुना लॅपटॉप आहे, पेटीसारखं झाकण उघडायचं यंत्र. त्यावर ती अभ्यास करते असा तिच्या बापाचा समज आहे. करते, नाय असं नाय. पण संध्याकाळ झाली की चार पोरी आपापल्या घरात बसून एकाच खेळात शिरतात, बंदुका घेऊन पळतात, लपतात, एकमेकींना ओरडून वाट सांगतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं घरात चोर शिरला. मग हळूहळू मीही शेजारी बसायला लागले. कोण आपलं, कोण परकं, एवढं कळलं की बास. तर कॉलेजा-कॉलेजांचा सामना ठरला होता, रविवारी. पोरीचा सगळा जीव त्यात. आणि हिचं यंत्र ऐन वेळी अडकायचं. ही जागच्या जागी गोठायची आणि पलीकडून कुणीतरी सावकाश येऊन हिला मारून जायचं. त्यांच्यातली म्होरकी एक पोरगी आहे, लई कडक. तिनं सांगून टाकलं, ‘परत अडकलीस तर तुझ्या जागी दुसरी घेणार.’

यंत्राच्या पोटात एक हिरवी पट्टी असते, तिला रॅम म्हणतात. खेळाला लागेल ते सगळं यंत्र तिच्यावर मांडून ठेवतं. पट्टी लहान पडली की रात्री कोंडायच्या जाळीच्या वाघरात बसतील त्याहून जास्त मेंढरं कोंबल्यासारखं होतं. कुणालाच हलता येत नाही. म्हणून जुन्या पट्टीशेजारी दुसरी मोठी बसवायची होती. बापानं ऐकल्याबरोबर सांगितलं, ‘त्याला हात लावायचा नाही. बिघडला तर दुसरा मिळणार नाही. मग बस मोबाईलवर अभ्यास करत.’ तो शनिवारी सकाळी चितेगावला कंपनीत गेला आणि आम्ही दोघी पैठण गेटला यंत्रांच्या दुकानात गेलो. पैसे कुणाचे ते विचारू नकोस. दुकानदार म्हणाला, बसवून पाहिजे असेल तर सोमवारी या, आज काम भोत है. पट्टी मात्र दिली. देताना बोट वर करून बोलला, ‘अपने आप बंद पडी तो बदल के देता. पर तुमारे हात से जली तो मेरी जिम्मेदारी नै.’

घरी आलो तर सून टँकरच्या रांगेत गेलेली. पोरीनं दार लावून घेतलं. ती टेबलावर जागा करायला लागली. बा, इथं मी मध्ये पडले. आपल्यात अडलेली मेंढी घोंगडीवर घेतात, आलेल्या पाहुण्याला घोंगडी अंथरतात, देवाचं मांडायचं ते घोंगडीवर. एवढ्या नाजूक यंत्राचं पोट उघडणार आणि ते असंच? लग्नात तू दिलेली घोंगडी मी पेटीतून काढली. तुझ्या मेंढरांची लोकर, आईनं काढलेलं सूत.

‘आजी, टेबलावर बरं पडेल गं.’

‘टेबल काय तुझं सोयरं लागतं?’

अंथरताना ती चटचट वाजली. हवा कोरडी झाली की घोंगडी बोलते, असं तूच म्हणायचास. मला काय त्याचं नवल! पोरीनं बॅटरी काढली, एकेक स्क्रू काढून माझ्या हातातल्या वाटीत टाकला. झाकण निघालं. आत धूळ, जाळी, आणि जुन्या पट्टीच्या शेजारी रिकामी जागा. तिनं नवी पट्टी पुडीतून काढून घोंगडीवर ठेवली, घामेजली बोटं घोंगडीलाच खसाखसा पुसली आणि पट्टी उचलायला गेली.

‘आई गं! चावलं काहीतरी.’

‘लोकर आहे ती. टोचणारच.’

पट्टी तिरपी धरून तिनं आत सरकवली, दाबली, टक् करून बसली. बॅटरी लावली. बटण दाबलं. आत पंखा फिरला, बारका दिवा लागला, आणि पडदा काळाच. आम्ही दोघी त्या काळ्या पडद्यात आपापलं तोंड बघत बसलो. तिनं परत दाबलं. परत तसंच. जिन्यात कुणाची पावलं वाजली की ती दाराकडं बघायची. शेवटी तिनं म्होरकीला फोन लावला. ती फोनवरून दरडावायला लागली, ‘काय काय केलंस ते सांग. कशावर ठेवून केलंस?’

‘घोंगडीवर.’

 म्होरकी किंचाळलीच, ‘लोकरीवर? वेडी आहेस का? घासलं की लोकरीत वीज तयार होते. ती तुझ्या बोटातून पट्टीत गेली असणार. असलं डोकं तुला दिलं कुणी?’

पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि फोनवर म्हणाली, ‘कुणी नाही.’

मग म्होरकी सांगत गेली तसं हिनं केलं. सगळं उचलून टेबलावर नेलं, नवी पट्टी काढली, एकट्या जुन्या पट्टीवर यंत्र चालू केलं.  पडदा उजळला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, पण पोरीचा चेहरा उजळला नाही. यंत्र वाचलं होतं. नवी पट्टी गेली होती. म्हणजे उद्या परत तेच अडकणं, आणि तिची जागा दुसरीला. मी पदर खोचला. ‘चल दुकानात. तू तोंड उघडायचं नाही. मी बोलते.’

रिक्षात मला तू आठवलास. सरकार खायला सुकडी वाटायचं त्या दुष्काळात आपण पैठणच्या बाजारात एक मेंढी घेऊन उभे आहोत. रुमालाखाली तुझी आणि गिऱ्हाइकाची बोटं भिडलीत, भाव ठरत आलाय. माझ्या पोटात आगडोंब उठलाय आणि मी समोरच्या भज्यांच्या कढईकडं बघत हिशेब करतेय की बा आता किती भजी घेईल. त्यानं तुला काही विचारलेलं नाही. आणि तू आपणहून बोलतोस, ‘पाव्हणं, एक सांगून ठेवतो. ही खोकते.’ त्यानं हात काढून घेतला. आपण मेंढी घेऊन चालत परत आलो. आईनं विचारलं, ‘त्यानं विचारलं होतं का?’ तू म्हणालास, ‘नाय.’ ‘मग?’ त्या ‘मग’चं उत्तर तू कधी दिलंच नाहीस. आठवड्यात ती मेंढीही मेली. मी तेव्हा ठरवलं की कुणी विचारल्याशिवाय खरं सांगायचं नाही. हा नेम मी संसारभर पाळला आणि लई सुखात राहिले.

दुकानदारानं पट्टी आपल्या यंत्रात घालून बघितली. काढली, पुसली, परत घातली. ‘बंद है,’ म्हणाला. मग माझ्या पांढऱ्या केसांकडं बघून त्यानं खण उघडला आणि तसलीच दुसरी पट्टी बाहेर काढून समोरच्या काचेवर ठेवली. माझ्या हातापासून वीतभर लांब. आणि मग विचारलं, ‘अम्मा, कायके उप्पर रखके खोले थे?’

तुझ्या गिऱ्हाइकानं विचारलं नव्हतं. ह्यानं विचारलं. माझा नेम इथं संपत होता, पण बा, पोरीची जागा त्या काचेवर पडलेली मला दिसत होती. ‘टेबलावर’ हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला. मी तोंड उघडलं.

‘घोंगडीवर,’ मागून आवाज आला. ‘लोकरीच्या. मीच अंथरली होती.’

एका दमात एक खरं आणि एक खोटं. दुकानदारानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि नवी पट्टी खणात परत ठेवली. ‘सच बोली बेटी. पर बदल के नै देता मैं. मेरेकू आगे कंपनी बदल के देती क्या?’ त्याचंही बरोबरच होतं, म्हणून तर मला त्याचा जास्त राग आला.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. ‘तुला कुणी विचारलं होतं गं?’

‘त्यांनी विचारलं ना.’

‘मला विचारलं होतं!’

‘तू खोटं बोलणार होतीस.’

‘व्हय, बोलणार होते! तुझ्यासाठीच बोलणार होते.’

 ती तुझ्यासारखीच उगी राहिली. ह्या घरात तुझं नाक कुणाला आलं नाही, रंग आला नाही, आणि आलं ते हे.

घरी पोचल्यावर तिनं म्होरकीला सांगून टाकलं. रविवारी तिच्या जागी दुसरी पोरगी खेळली. सामना मोबाईलवर दिसत होता. आम्ही दोघी पलंगावर बसून बघितला. मी मध्ये मध्ये विचारत होते, आता कोण मेली, आपली का परकी? ती नीट सांगत होती, अगदी समजावून. त्या जिंकल्या. आमच्या पोरीनं टाळ्या वाजवल्या, फोन करून शाबासकी दिली, आणि तोंड धुऊन येते म्हणून मोरीत गेली. मोरीत त्या दिवशी थेंबभर पाणी नव्हतं. बऱ्याच वेळानं बाहेर आली, तोंड ओलंच होतं.

बा, हे पत्र कुठं टाकायचं नाही. तू गेलास तिथला पत्ता पोस्टमनला ठाऊक नाही, आणि असता तरी वाचून दाखवायला तुला कुणी सापडलं नसतं. पण सांगायचं राहिलंय ते सांगून टाकते. त्या बाजारातल्या दिवसाबद्दल मी अजून तुझ्या बाजूची झालेली नाही. आणि रविवारी पोरीच्या शेजारी बसून, तिच्या टाळ्या ऐकत, त्या चौघी हराव्यात म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवत होते.

इथं पोरीचं पेन थांबलंय. मी म्हटलं, काय झालं, लिही की.

ती म्हणते, ‘आजी, मी पण.’

तेही लिही म्हटलं.