चार भिंतींचा नाच

३ मार्च
गेलो एकदाचा. बायकोने परस्पर दोघांची नावं घालून टाकली — कंट्री लाइन डान्स. गिटारवाली गाणी, सगळ्यांनी रांगेत नाचायचं, जोडीदार नाही. म्हटलं, बावन्नाव्या वर्षी ही काय थेरं? म्हणाली, "थेरं करायला आणखी किती म्हातारं व्हायचं?"

मागच्या रांगेत कोपरा धरला. उजवा पाय बाजूला, डावा त्याच्या मागून, परत उजवा, टाळी. माझी टाळी एकटीच वाजली.

४ मार्च
पोटऱ्या भरल्यात. गाडीखाली शिरताना आई आठवली.

गॅरेजमध्ये माझं नाव आहे — नुसतं ऐकून इंजिनाचं दुखणं सांगतो. सांगायचो. डावा कान गेलाय, उजवा त्याच वाटेवर. कुणाला बोललो नाही. हल्ली बॉनेटवर हात ठेवून थरथर ओळखतो. मालकाला कळलं तर नारळ देईल.

१० मार्च
शिक्षिकाबाई पाठमोऱ्या बोलतात, एक अक्षर कळत नाही. पण पाय दिसतात! तेवढ्यावर निभावत होतो, तर कळलं की दर फेरीला सगळ्यांनी पाव वळून शेजारच्या भिंतीकडे तोंड करायचं. दोनदा वळलो आणि समोर कुणीच नाही — मागची रांग पुढची झालेली. बघू कुणाचे पाय? जागीच खांब झालो. आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्या बाईही क्लासला येतात, त्या येऊन पाठीवर आदळल्या.

२४ मार्च
हॉलची जमीन लाकडी आहे. ठोका तळव्यातून वर येतो, बॉनेटसारखाच. आज मागच्या भिंतीलाही चुकलो नाही. आणि बायको चुकली! घरापर्यंत मिशीत हसत आलो.

७ एप्रिल
मागच्या भिंतीकडे तोंड, म्हणजे सगळ्यांत पुढे मी. झोकात चाललो होतो. फळ्यांवर पाय पडत होते, मला तेच पुरे. फेरी संपवून वळलो तर अख्खा हॉल टाळ्या वाजवतोय.

बेकरीवाल्या बाई उजव्या बाजूने आल्या. "मध्येच स्पीकर गेला, आम्ही गडबडलो. तुम्ही थांबलाच नाहीत, मग आम्ही तुमचे पाय बघत नाचलो." शिक्षिकाबाई म्हणाल्या, क्लासच्या कार्यक्रमात मागची भिंत तुमची, तिथे पुढे तुम्हीच.

छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पण गाणं बंद पडलेलं मला कळलंच नव्हतं, आणि हे तिथे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

८ एप्रिल
बायकोला सांगून टाकलं. कानाचं, सगळं. म्हटलं, उद्या मालकालाही सांगतो. कान नसले तरी हात आहेत, ठेवायचं तर ठेव म्हणावं.

तिने शेगडी बंद केली. मला तोंड दिसेल अशी समोर येऊन उभी राहिली.

"दोन वर्षं झाली, मला माहीत आहे. बघून करता येईल असा नाच उगाच शोधला का मी?"