‘परस्पर’ हा शब्द

दि. ९ मार्च

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझी आई बरी आहे, फक्त तिचा गुडघा हल्ली तिच्यापेक्षा जास्त बोलतो. माझ्या हाताची जखम सुकली. तू बांधलेली पट्टी आईने काल सोडली आणि म्हणाली, “पोरीचा हात साफ आहे हो.” मी ती पट्टी उचलून कचऱ्यात टाकली.

आशीर्वाद सवयीने लिहिलेत. खरं म्हणजे तुझ्यावर इतका भडकलोय की याआधीचे तीन कागद फाडून टाकले. फोनवर बोललो असतो, पण मी आवाज चढवला की तू “बाबा, बीपी” म्हणतेस आणि विषय बदलतेस. कागदाला बीपी नसतं.

आधी एक कबूल करतो. “आईला एकटीला करमत नाही, सकाळच्या गाडीने निघतो” अशी चिठ्ठी तुझ्या फ्रिजला चिकटवून मी आलो, ती थाप होती. तुझ्या आईला माझ्याशिवाय झकास करमतं. मला तुझं तोंड बघायचं नव्हतं.

सोमवारची संध्याकाळ आठवते? हॉस्पिटलने तुला पाच दिवसांच्या नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं, त्याची वही तू मला वाचून दाखवलीस. मग म्हणालीस, “बाबा, सराव करू. तुम्ही सफाई कामगार, मी पाळीची प्रमुख. तुम्हाला काहीतरी धोक्याचं दिसलंय, मला सांगा.” मी पोछा धरल्यासारखा तुझी छत्री धरून उभा राहिलो. म्हणालो, “मॅडम, एक सांगू का?” तू हातातलं सगळं खाली ठेवून माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, “सांगा ना. तुम्हाला दिसतं ते मला दिसेलच असं नाही.” आपण दोघं हसलो, पण आतून मी इतका सुखावलो होतो की झोप लागेना. म्हटलं, माझ्या पोरीच्या हाताखाली काम करणारी माणसं नशीबवान.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुझ्या तातडीच्या विभागात भिंतीकडच्या बाकावर बसलो होतो, पट्टी बदलून घ्यायला.

गर्दी होती, मान्य. अपघाताची तीन माणसं एकदम आली होती, तुझा एक डॉक्टर आलाच नव्हता, सकाळपासून तू पाणीही प्यायली नव्हतीस. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, म्हणून ते मला सांगू नकोस. कोपऱ्यातल्या खुर्चीवर तो शिंपी बसला होता. गळ्यात मापाची टेप तशीच. बायको शेजारी. “पित्तच आहे, उगीच आलो, घरी जाऊ,” असं तिला म्हणत होता.

तुम्ही सगळे ज्याला मामा म्हणता त्या तुमच्या वॉर्डबॉयने त्याला पाहिलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, तुझ्या जन्माआधीपासून खुर्च्या आणि ट्रॉल्या ढकलतोय. मामा तुझ्याजवळ येऊन म्हणाले, “मॅडम, एक सांगू का? त्या कोपऱ्यातल्या माणसाला आधी बघा. त्याचा रंग मला बरा दिसत नाही.”

तू वर न बघता म्हणालीस, “रंग बघायला तू रंगारी आहेस का?”

तुझा तो चष्मेवाला ज्युनिअर खिदळला. दोन नर्स हसल्या. मामांना ‘तू’! मी तुला वाढवताना रस्त्यावरच्या भिकाऱ्यालाही ‘तू’ म्हणू दिलं नाही.

दहा मिनिटांनी ते परत आले. तू म्हणालीस, “त्याचा नंबर आला की घेऊ. तू ट्रॉल्या आण.” तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. शिंप्याला चाकाच्या खुर्चीत घातलं आणि आतल्या खोलीकडे पळत सुटले. दारातच त्याची मान पडली.

त्यानंतर पाऊण तास तू जे केलंस ते मी काचेतून पाहिलं. त्यात खोट काढायला जागा नाही. पण माणूस गेला.

आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तू अहवाल लिहायला बसलीस. “सहायक कर्मचाऱ्याने प्रमुखांना न विचारता रुग्णाला परस्पर हलवले. त्यानंतर रुग्णाची प्रकृती ढासळली.” यातला एक शब्द खोटा नाही आणि अख्खा कागद खोटा आहे. परवा आईशी फोनवर बोलताना तू सहज सांगितलंस, मामांना घरी बसवलंय, वीस तारखेला चौकशी आहे. जसं काही टेबल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवलं.

आता माझं. चार दिवस मी या ओळीपाशी येतो आणि उठून अंगणात जातो.

मलाही दिसलं होतं. मामांच्याही आधी. गार हॉलमध्ये त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. हात आधी खांदा चोळत होता, मग जबडा. ओठ राखेसारखे. एकतीस वर्षांत असे किती चेहरे मी स्ट्रेचरवरून नेलेत, ते मला मोजता यायचं नाही. मी अर्धा उठलोसुद्धा.

आणि परत बसलो. कारण सकाळी तू मला सगळ्यांपुढे उभं करून म्हणाली होतीस, “हे माझे बाबा. आरोग्य खात्यात होते.” बरोबरच आहे, स्ट्रेचरही खात्याचंच होतं. पण तू पुढे काही बोलली नाहीस, आणि मला कळलं काय ते. मी उठून बोललो असतो तर कोणीतरी विचारलं असतं, तुम्हाला कसं कळतं हो? मग मला सांगावं लागलं असतं. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून मी तोंड मिटलं. निदान मी स्वतःला तसं सांगतो.

आणखी एक. अहवाल लिहिताना तू थांबलीस आणि विचारलंस, “बाबा, ‘स्वतःच्या मर्जीने’ बरं की दुसरा काही शब्द आहे?” मी घास गिळला आणि म्हणालो, “परस्पर.” तो शब्द मी दिला. माझ्यासारख्याच एका माणसाच्या पोटावर पाय द्यायला मी माझ्या मुलीला शब्द पुरवला.

वीस तारखेच्या आत तो कागद मागे घे. नाही घेतलास तर मी स्वतः येईन, चौकशीच्या खोलीबाहेर बसेन आणि आत बोलावेपर्यंत उठणार नाही. धमकी समज.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, तुझ्याकडची गादी मला मऊ पडली.

एकतीस वर्षं स्ट्रेचर ओढलेला,
तुझा बाप


दि. २६ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न.

नमस्कार मीही सवयीनेच लिहिलाय. तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी मी ते कपाटात कोंबलं आणि दोन दिवस तुमच्याशी मनात भांडत होते. आता कागदावर भांडते.

तुम्हाला दिसलं होतं! हे तुम्ही मला शेवटच्या पानावर सांगता? आधीची सगळी पानं माझी खरडपट्टी, आणि हे अंगणात फेऱ्या मारून झाल्यावर? मी मान वर केली नाही, कारण माझ्या हाताखाली एका मुलाचं रक्त थांबत नव्हतं. तुमच्या हातात काय होतं बाबा? वर्तमानपत्र होतं. माझी मान खाली जाईल म्हणून गप्प बसलात म्हणे. ते ओझंही माझ्याच डोक्यावर?

हे लिहून मी उठले, चहा केला, परत बसले. खोडत नाही. पण ओझं थोडं माझंही आहे, ते मला ठाऊक आहे. “आरोग्य खात्यात होते” म्हणताना माझी जीभ एक क्षण अडखळली होती. तुम्हाला ते ऐकू आलं असणार. तुम्हाला सगळंच ऐकू येतं.

आता काय झालं ते सांगते.

मी कागद मागे घेतला तो तुमच्या धमकीमुळे नाही, हे आधीच सांगून ठेवते. मामांचं कपाट रिकामं करायला त्यांची बायको आली होती. सफाईच्या मावशींनी तिला एक पिशवी दिली, तिने त्यात एक शर्ट, एक डबा आणि चपला भरल्या. माझ्याशेजारून जाताना ती म्हणाली, “नमस्ते मॅडम.” नेहमीसारखं. त्या क्षणी धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं.

अठराला मी मुख्य डॉक्टरांकडे दुसरा अहवाल नेला. त्यांनी वाचला आणि दार लावून घेतलं. “तुला कळतंय का तू काय लिहितेस? कर्मचाऱ्याने दोनदा सांगितलं, मी ऐकलं नाही. हे तू स्वतःच्या सहीने देणार?”

“हो.”

“आणि एवढं प्रशिक्षण दिलं ते वाया?”

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, “सर, पाच दिवस आम्ही एकमेकांचं ऐकायचा सराव केला. सगळे डॉक्टरच होतो. मामांना, मावशींना कोणी बोलावलंच नव्हतं. मग त्यांचा आवाज ऐकायची सवय आम्हाला लागणार कुठून?” आवाज चढला होता माझा. बाहेर ऐकू गेला म्हणतात.

वीसला चौकशी झाली. मी सगळं सांगितलं. रंगारी हा शब्दसुद्धा. लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारलं, “हे असंच लिहू?” म्हटलं, असंच. मामांना कामावर परत घेतलं. माझं पाळीचं प्रमुखपद सहा महिन्यांसाठी काढलं. चष्मेवाला आता प्रमुख आहे. हसू नका.

मामा आले त्या दिवशी मी त्यांना औषधांच्या खोलीपाशी गाठलं आणि माफी मागितली. ते म्हणाले, “मॅडम, ते तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात. माफी बरी कोपऱ्यात?” आणि ट्रॉली घेऊन निघून गेले.

मग पाळी बदलताना चौदा माणसं उभी होती, त्यांच्यासमोर बोलले. मी म्हणाले, “मामांनी मला दोनदा सांगितलं. मी त्यांची टिंगल केली. माणूस गेला. चूक त्यांची नव्हती, माझी होती.” तेवढ्यात बाहेर रुग्णवाहिका लागली, मामा स्ट्रेचर घेऊन पळाले. अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बोलू देत. मी त्यांना क्षमा करायला लावू शकत नाही.

एक छोटी गोष्ट मात्र सुरू केली. चष्मेवाल्याला पटवलं, रोज पाळी बदलताना आधी मामा-मावशींना विचारायचं, काय दिसलं. पहिले तीन दिवस सगळे आपल्या चपलांकडे बघत उभे. चौथ्या दिवशी लादी पुसणाऱ्या मावशी चाचरत म्हणाल्या, “पाच नंबरच्या आजी सकाळपासून पाणी मागत नाहीयेत. काल सारख्या मागत होत्या.” चष्मेवाला “हं” म्हणून पुढे जाणार होता. मी त्याची बाही धरली. आजींना गुंगी चढत होती, साखर पार खाली गेली होती. आता त्या बऱ्या आहेत आणि सगळ्यांना पिडतात.

हे वाचून तुम्ही खूश व्हाल, म्हणून लगेच पुढचं लिहिते.

काल मी शिंप्याच्या बायकोकडे गेले. हॉस्पिटलने जाऊ नका म्हटलं होतं. दुकान आणि घर एकच, पुढे मशीन, मागे पडदा. मशीनवर अर्धी शिवलेली पँट तशीच होती. मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिने विचारलं, “लवकर बघितलं असतं तर वाचले असते?”

मी म्हणाले, “कदाचित. खात्रीने नाही सांगता येत. पण बघायला हवं होतं.”

ती बराच वेळ त्या पँटची शिवण बोटाने चाचपत राहिली. मग म्हणाली, “त्या मामांशिवाय तिथे आणखी कोणालाच काही कळलं नाही? एवढी माणसं बसली होती.”

बाबा, मी गप्प बसू शकले असते. तुमच्यासाठी गप्प बसायची मला फार इच्छा झाली, खरंच. पण त्या बाईकडे बघून जमलं नाही. मी म्हणाले, “कळलं होतं. बाकावर माझे वडील होते. एकतीस वर्षं त्यांनी हेच काम केलंय.”

तिने मान हलवली. म्हणाली, “त्यांना घेऊन या.”

का, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. ती ओरडेल, की नुसती बघत बसेल, की एखादाच प्रश्न विचारेल, मला माहीत नाही. तुम्ही चौकशीच्या खोलीबाहेर बसणार होतात ना? ती चौकशी संपली. ही बाकी आहे.

रविवारी सकाळच्या गाडीने या. आईला यावेळी खरं सांगून निघा. मी स्टँडवर येते. तिच्या दारापर्यंत मी बरोबर असेन, आणि आतही. पण बोलायचं तुम्हालाच.

तुमच्यावर रागावलेली, आणि स्वतःवर त्याहून जास्त,
स्ट्रेचर ओढणाऱ्याची मुलगी