दंडावरचा मिशीवाला

मंगळवार, संध्याकाळ

आठ दिवसांनी वही उघडतो आहे, चुकलंच. अकोल्याहून माझ्या लेकीने, सुमनने, ती नर्स आहे त्या दवाखान्याचं कार्टून पाठवलं. त्यात फ्लूची लस चुकवायला नर्स पलंगाखाली लपते, पेशंटच तिला बाहेर ओढतात. खूप हसलो. हिवरखेडच्या दवाखान्यात शिपाई होतो, तेव्हा मी पोरांच्या दंडावर पेनाने मिशीवाला माणूस काढायचो. ती हसेपर्यंत सुई टोचून व्हायची. लहानपणी सुमनही तशीच हसायची.

फोनवर विचारलं, "तू घेतली काय?"

"बाबा, मले टाइम कुठी हाये? लोकायलेच टोचून राहिली."

"मंग कार्टून कोणासाठी हाये?"

हसून तिने फोन ठेवला. दिवसभर खोकणाऱ्यांत असते ती. जीव थाऱ्यावर राहत नाही. तिच्या दंडावर मिशीवाला कोण काढेल?

सुमे, लस घेतली की लगेच कळव. नाहीतर पेन घेऊन येतो.