खुर्ची हलवायची नाही

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, आधी नट आणि मग मालिकेचा निर्माता, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्यामागे काय करायचे ते लिहून ठेवतो. मी भानावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पडद्यावर मी एकोणीस वेळा डॉक्टर झालो आहे, खोटा दाखला मला लगेच कळतो. हा खरा आहे.

१. तीस वर्षं मी इन्स्पेक्टर, वकील आणि नायिकेचा बाप झालो. नायकाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मध्यंतराआधी मरायचं. लोक चेहरा ओळखायचे, नाव कोणाला आठवायचं नाही. त्या रागापायी मालिका काढली. स्टुडिओ परवडेना, म्हणून राहत्या घराचा पुढचा भाग शूटिंगला दिला आणि आम्ही मागच्या दोन खोल्यांत गेलो. "वर्षभराचा तर प्रश्न आहे," असं मी बायकोला सांगितलं. मालिका अकरा वर्षं चालू आहे.

२. सदर घर मी मुलीला देतो. मुलाला कंपनी, ती त्याला लखलाभ असो. घर त्याला दिलं तर तो त्याचा सेटच ठेवील. परवा म्हणाला, "बाबा, तुमच्या खोलीत हॉस्पिटल छान बसेल." मी तेव्हा त्याच खोलीत सलाइन लावून पडलो होतो. माझ्यामागे तीस दिवसांत दिवे, कॅमेऱ्याचे रूळ, खोट्या भिंती, सगळं बाहेर काढावं. मुलगी सहा वर्षं भावाशी बोलत नाही. त्याचं कारण कलम ५ मध्ये आहे.

३. मालिकेत माझा फोटो टांगू नये. चॅनलवाले उंटावरून शेळ्या हाकतात. त्यांनीच मला माझ्याच मालिकेतल्या आजोबांच्या कामावरून काढलं, चेहरा थकलेला दिसतो म्हणून. मग फोटोत तो ताजा कसा दिसेल?

४. रंगभूषेची पेटी माझ्या रंगभूषाकाराला. एकवीस वर्षांत खरं बोलणारा तो एकटाच.

५. बैठकीतली वेताची खुर्ची माझ्या बायकोची, तिच्या आईने दिलेली. मालिकेतली सासू पहिल्या भागापासून याच खुर्चीवर बसते. आमच्या धंद्यात दृश्य अर्धं राहिलं की त्यातली वस्तू जागची हलवत नाहीत. त्याला कंटिन्युइटी म्हणतात. चहाचा कपसुद्धा तसाच ठेवतात, फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करतात.

बायको आजारी पडली तेव्हा तिला आडवं होववेना. म्हणाली, "अहो, माझी खुर्ची मागे आणा ना. खिडकीपाशी बसेन जरा." सासूचं मोठं दृश्य अर्धं होतं, नटी परगावी गेली होती. बायकोला उत्तर मिळालं, "चार दिवस थांब." नटी अकराव्या दिवशी आली. बायको आठव्या दिवशी गेली, प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या बसल्या.

मुलीला वाटतं, खुर्ची भावाने अडवली. सेट तोच सांभाळायचा ना. माझ्यासमोर ती त्याला म्हणाली, "तुला आईपेक्षा मालिका मोठी." तो गप्प राहिला. मीही मूग गिळून बसलो.

खुर्ची त्याने उचलली होती. दारापर्यंत आणली होती. मी त्याच्या हातातून काढून घेतली, परत खुणांवर ठेवली आणि वर त्याला म्हणालो, "धंदा कळत नसेल तर घरी बस." ते चार दिवसही मीच सांगितले होते. कलम २ मध्ये मुलावर काढलेला राग खोडत नाही, पण त्याहून मोठा राग कोणावर आहे ते इथे लिहितो. माझ्यावर. थू माझ्या निर्मातेपणावर.

६. हे मृत्युपत्र दोघांना एकाच खोलीत बसवून, कलम ५ दोनदा, मोठ्याने वाचून दाखवावं. मग खुर्ची दोघांनी मिळून उचलून मागच्या खिडकीपाशी न्यावी. शूटिंग चालू असेल तर चालू असतानाच न्यावी.

ठिकाण: मागची खोली, स्टुलावर
तारीख: ९ मार्च
सही: (केली आहे)

साक्षीदार १: डॉक्टर, दाखला देणारे
साक्षीदार २: शेजारच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हे जिवंतपणी सांगा की." त्यांचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. मुलीला आत्ता फोन लावतो आहे.