बाकाचं टोक

दि. ६ ऑक्टोबर

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारची तुझी मॅच टीव्हीवर पाहिली. समालोचकाचा आवाज बंदच ठेवते. फुटबॉलमधलं त्याला माझ्याइतकंच कळतं. गोल झाला तेव्हा अशी उडाले की चहा व्याकरणाच्या पुस्तकावर सांडला. त्यात प्रथमच काही रस आला! तो नऊ नंबर, ती पाठीवर उडणारी वेणी, सगळं डोळे भरून पाहिलं. गोलनंतर एवढ्या जणींच्या गळ्यात पडलीस, आत्याला चार ओळी लिहायला मात्र फुरसत नाही. ‘बरी आहे’ एवढंच लिहितेस. हे सूत्र झालं, आता भाष्य पाठव. गुडघा कसा आहे?

तुझ्या पत्राला भुकेली,
आत्या

दि. १९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उत्तर लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहितेय. तो गोल माझा नव्हता. माझा गुडघा बरा होईपर्यंत क्लबने नऊ नंबर एका नव्या मुलीला देऊन टाकला. मला तेवीस मिळाला. कोच म्हणतात, जरा थांब. म्हणून लांब कोट घालून बाकाच्या टोकाला थांबलेय. खोलीवर आलं की हीटरशी बोलते. तोही मधूनच गप्प होतो. उन्हाळ्यात करार संपतो. पुढचा देतील असं वाटत नाही. मग घरी येऊ का?

हे लिहिणारच नव्हते. तू खूश आहेस तर राहू दे, म्हटलं. पण आत्या, ती मुलगी उजव्या पायाने मारते. अंगणातल्या भिंतीचा गिलावा मी डाव्या पायाने पाडला होता, त्यावरून तू मला किती ऐकवलंस! तुला पाय कसा दिसला नाही? रागाने नाही विचारत. भीती वाटली. डोळे दाखव.

तुझी,
खार

दि. २ नोव्हेंबर

चि. खारूताईस,
अ. उ. आशीर्वाद.

दाखवले. दोन्हीकडे मोतीबिंदू. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस वर्गात वाचत काय होतात? म्हटलं, पाठ असलेलंच. मुलींनी फळ्यावर काहीही लिहिलं तरी बरोबर म्हणत होते, त्यामुळे अलीकडे फार लोकप्रिय झाले होते.

म्हणजे तू गप्प, मी गप्प, आणि माझे आशीर्वाद परक्याच मुलीला. असू देत तिच्याकडे, पोरीने गोल मारलाय.

ऑपरेशनला शेजारीण सोबत येईल. नंतरचे थेंब माझे मलाच घालायचेत. साध्या पाण्यावर सराव चाललाय. निम्मं गालावर जातं.

आंधळी पण तुझीच,
आत्या

दि. २६ नोव्हेंबर

चि. खारूताईस,
अ. उ. आशीर्वाद.

एक डोळा झाला. काल त्या एका डोळ्याने मॅच पाहिली. खरं तर मॅच पाहिलीच नाही. कॅमेरा बाकाकडे कधी वळतो, एवढ्याचीच वाट पाहत बसले. वळला. कोट नाकापर्यंत ओढून तू टोकाला बसली होतीस, आणि डावा बूट जमिनीवर आपटत होतीस. लहानपणी ताट यायला उशीर झाला की आपटायचीस, अगदी तसा. तेव्हा ओरडायचे. काल टीव्हीच्या काचेला हात लावून बसले.

करारातलं मला काही कळत नाही. तुझी खोली झाडून ठेवली आहे. तिला रिकामं राहायची सवय आहे, मलाही आहे. पण त्या पायाची भूक अजून गेलेली नाही, एवढं एका डोळ्यालाही दिसलं. एवढ्यात उठू नकोस.

फक्त पुढच्या रविवारी जरा मधे सरकून बस. टोकाला अर्धीच दिसतेस.

लोभ आहे तेवढाच पुरे, वाढला तर घरात मावायचा नाही.

आत्या