हौशात बंदूक मना

रविवार, ८ जुलै १९८४

गेले सगळे! अरबाब म्हणजे माझा मालक, त्याची बायको, पाच मुलं, कामवाली बाई आणि अकरा बॅगा — लंडनला. दोन फेऱ्या करून एअरपोर्टला सोडलं. आखातातल्या मुऐदरचा हा सात खोल्यांचा व्हिला आणि त्यात आता दोनच माणसं. गेटजवळच्या खोलीत मी, आत अरबाबची आई. तिला सगळे यम्मा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. म्हातारीला विमान नको, थंडी नको. तिला तिच्या शेळ्या हव्यात.

तिला हिंदी येत नाही. मला अरबी येतं ते 'यल्ला' म्हणजे चल आणि 'खलास' एवढंच. साडेतीन वर्षं अरबाबच्या पाइप यार्डात काढली, तिथं सगळे हिंदी बोलायचे. दोन महिन्यांपूर्वी त्यानं मला उचलून घरी आणलं, कारण माझ्या कागदावर 'माजी सैनिक' लिहिलंय. माजी सैनिक शेळ्या राखतोय!

निघताना अरबाबनं कपाटाची किल्ली दिली. आत बारा बोरची बंदूक आणि काडतुसांचा डबा. म्हणाला, "साफ रखना. हौश में चलाना ममनू." ममनू म्हणजे मनाई, ते रस्त्यावरच्या पाट्यांमुळे ठाऊक आहे. पण 'हौश' ऐकून गंमत वाटली. इथं खुर्चीला कुर्सी म्हणतात, साबणाला साबून, हवेला हवा. मग हौसेला हौश असणारच. हौसेखातर बंदूक चालवायची नाही! बरोबर आहे. मी काय इथं शिकारीला आलोय? गरज पडली तर गोष्ट वेगळी.

शुक्रवार, १३ जुलै

दिवसभरात कोणाशी एक शब्द नाही. संध्याकाळी नळाला म्हटलं, "बंद हो की रे."

मंगळवार, १७ जुलै

यम्मा रोज सकाळी अंगणात चटई टाकून बसते. तोंडावर तो काळा चकचकीत मुखवटा, त्यातून डोळे तेवढे दिसतात. ती शेळ्यांशी अरबीत बोलते, मी पाणी भरताना मराठीत बोलतो. शेळ्यांना दोन्ही कळतं बहुतेक. मला ती "निफ्रुती" म्हणते. निवृत्ती तिला जमत नाही. आई गेल्यापासून कोणी मला इतक्या वेळा हाक मारलेली नाही.

दुपारी गाडी पुसताना सहज बोटं मोजली. लग्नाला एकवीस वर्षं झाली. पलटणीत होतो, मग पिंपरीला कारखान्याच्या गेटवर, मग इथं. सत्यभामा आणि मी सलग एका घरात राहिलो ते दिवस जोडले तर अडीच वर्षंही भरत नाहीत. तिला चहात साखर किती लागते ते मला सांगता येणार नाही! लाज वाटली. एकट्याचीच लाज, कोण बघतंय?

सप्टेंबरात जायचंय. दोन महिने सुट्टी. अरबाबनं शब्द दिलाय.

रविवार, २२ जुलै

भटकं कुत्रं मागच्या भिंतीवरून आत आलं आणि करडू फाडलं. भरदिवसा! मी गाडी घेऊन बाजारात गेलो होतो. परत आलो तर यम्मा रक्तानं भरलेलं करडू मांडीवर घेऊन बसलेली. रडत नव्हती. मी समोर जाऊन उभा राहिलो. "चुकलं," म्हटलं मराठीत. तिनं मान हलवली.

मंगळवार, २४ जुलै

सकाळी आठला भिंतीवर कुत्रं दिसलं. यम्मानं बोट दाखवलं, म्हणजे तेच. पिवळं, कान फाटलेलं. म्हटलं, हीच ती गरज. बंदूक काढली, काडतूस भरलं, उभ्यानंच नेम धरला आणि बार काढला.

कुत्रं पळालं. शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला मात्र चाळण झाली! दहा-बारा धारा लागल्या. शेजारी खालून ओरडतोय, वरून पाणी पडतंय. पंधरा वर्षं पलटणीत काढली आणि वीस पावलांवरचं कुत्रं हुकलं! खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं मला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

मग पोलिसांची जीप आली. एक अधिकारी, एक हवालदार. मी सावधानमध्ये उभा. बंदूक चटईवर पडलेली. अधिकाऱ्यानं अरबीत विचारलं, किसने चलाया असंच काहीतरी असणार. मी तोंड उघडायच्या आत यम्मा उठली, छातीवर हात मारला आणि म्हणाली, "आना." आना म्हणजे मी. तेवढं मला कळलं.

अधिकारी हसला. मग हसेना. म्हातारीनं आवाज चढवला, टाकीकडे बोट, कुत्र्याकडे बोट, मग स्वतःच्या डोळ्यांकडे बोट. डोळे अधू झाले म्हणून नेम चुकला म्हणत असावी. माझी चूक तिनं तिच्या डोळ्यांवर घेतली!

हवालदार शफीक मूळचा बलुची, हिंदी बोलतो. त्याला मी बाजूला सांगितलं — अरबाब बोलला होता हौस में मना है, मी हौसेनं नाही चालवली, जनावरासाठी चालवली. त्यानं बूट जमिनीवर आपटला. "भाई, हौश ये है. ये. जिस पे तू खड़ा है."

हौश म्हणजे अंगण!

बुधवार, २५ जुलै

ठाण्यावर बोलावलं होतं, यम्माच्या वतीनं कागद न्यायला. शफीकनं कायदा समजावून सांगितला. "घर अपना, बंदूक अपनी, लायसन है, फिर भी चार दीवारी के अंदर चलाना जुर्म. बस्ती है. दीवार के उस पार किसी का बच्चा होता तो?" हे मला सांगायला नको होतं. नेमाच्या मागं काय आहे ते आधी बघावं, हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवायचो.

अधिकाऱ्यानं ताकीद लिहून दिली. यम्माचं वय बघून एवढ्यावरच सोडलं. लायसनचं अरबाब आल्यावर बघणार, तोवर बंदूक कपाटात, किल्ली म्हातारीच्या ताब्यात. शफीक म्हणाला, "बुढ़ी ने बचा लिया तुझे. परदेसी चलाए तो दो-चार दिन अंदर, फिर सीधा हवाई जहाज. अपने मुल्क. दुबारा वीज़ा नहीं."

सहज विचारलं, माझ्यासारखा पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे मालकाच्या तिजोरीत असला तर? तो हसला. "पुलिस माँगे तो देना पड़ता है, यार."

गुरुवार, २ ऑगस्ट

यम्माची लेक रय्यानहून आली होती, दर गुरुवारी येते. तिच्यासमोर यम्मानं कपाटाची किल्ली कनवटीतून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. माझी बोटं स्वतः मिटवली. लेक काहीतरी कुरकुरली, यम्मानं ऐकलं नाही.

मागच्या भिंतीवर काचा बसवल्या. टाकीही मीच डाग देऊन दुरुस्त केली. शेजाऱ्यानं आभाराचं "शुक्रन" म्हटलं, पण गोड तोंडानं नाही.

शनिवार, ११ ऑगस्ट

सत्यभामाचं पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखू येईना. आजवर मास्तर लिहून द्यायचे. हे वाकडंतिकडं, ओळी उतरत गेलेल्या — तिचं स्वतःचं! प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाते म्हणे. मला कळवलंही नव्हतं.

लिहिलंय — "इकडे सर्व खुशाल. विहिरीवरची मोटर जळाली होती ती मी साताऱ्याला नेऊन भरून आनली. छपराचे पत्रे बदलले. आता मला लिहता येतं, मास्तरच्या दारात बसावं लागत न्हाई. तुमच्यावाचून आता काय अडत न्हाई. काळजी करू नये. सुट्टी मिळाली तर या, न्हाई मिळाली तरी चालंल."

चांगलं पत्र आहे. माणसाला धीर यावा म्हणून लिहिलेलं. मी चार वेळा वाचलं आणि जेवलो नाही.

रविवार, १२ ऑगस्ट

उत्तर लिहायला बसलो. 'तुझं अक्षर छान आहे' — पुढं सुचलं नाही.

शनिवार, १८ ऑगस्ट

अरबाबचा फोन लंडनहून. टाकीचं सगळं त्याला कळलंय. मला वाटलं शिव्या घालणार. उलट खूश! "अम्मा बोलती है निफ्रुती के सिवा कोई नहीं चाहिए. तू घर का आदमी है." मग म्हणाला, सप्टेंबरची सुट्टी या वर्षी नाही. "अम्मा को छोड़के कैसे जाएगा? अगले साल, इन्शाल्ला." मी म्हटलं, आपने जबान दी थी. तो म्हणाला, पगार बढ़ा दूँगा. फोन खलास.

तिथं माझ्यावाचून अडत नाही म्हणून नाही गेलं तरी चालतं. इथं माझ्यावाचून अडतं म्हणून जाता येत नाही. हसू आलं आणि मग हसू थांबल्यावर खोलीत फार शांत वाटलं. फार.

सोमवार, २० ऑगस्ट

पुढच्या वर्षी, मी आलो नाही तर तिला चालंल की नाही हेही मला विचारावंसं वाटणार नाही. मला भीती त्याचीच वाटते. तिचा राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाकडे परत जाता येतं. सवय झालेल्या माणसाकडे पाहुणा म्हणून जावं लागतं.

यम्मानं आज खजूर दिले, बी काढून. माझी आई चिंचा द्यायची तशी. तिच्याकडे नीट बघवलं नाही.

गुरुवार, २३ ऑगस्ट

यम्माची लेक आली, या वेळी आठवडाभर राहणार आहे. शेळ्या आत बांधल्या, पलीकडे कोणी नाही हे दोनदा बघून घेतलं आणि सव्वानऊला हौशाच्या मधोमध उभा राहून मातीत एक बार काढला. मग ठाण्यावर मीच फोन केला. शफीकनं उचलला. किसने चलाया, विचारलं. निवृत्ती, म्हटलं. पत्ता विचारला.

गावाचा सांगितला.