मांडवाचा स्पीड

रविवार, ७ सप्टेंबर. पौड.

पाच वाजता ‘पूर्ण ऐका’, आमचा ऑनलाइन ऐकण्याचा ग्रुप. नऊपैकी आठ हजर. या आठवड्याची निवड अश्विनीची: हौसाबाईंच्या भलरीची कॅसेट. भातकापणीची गाणी, पस्तीसेक वर्षांपूर्वीची. तिला नेटवर सापडली. नेरे गावातल्या तिच्या फ्लॅटमधून तिने ‘तीन, दोन, एक’ केलं आणि आठ घरांत आठ जणांनी एकदम प्ले दाबलं. माइक बंद. बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, संपली की हजेरीचा एक ठिपका टाकायचा. हा ग्रुप मला आवडतो तो या शिस्तीसाठी.

पहिल्याच गाण्याला खटकलं. आवाजाच्या मागे विजेची गुणगुण आहे, जुन्या रेकॉर्डिंगला असतेच. पण ही चढी. बत्तीस वर्षं जळालेल्या मोटारींत नवी तार भरतोय, आपल्या विजेची सेकंदाला पन्नास सायकलची गुणगुण मला झोपेत ओळखता येते. ही पन्नासची नाही. म्हणजे कॅसेट पळतेय. पुढचं काही धड ऐकलंच नाही, गुणगुणच ऐकत बसलो.

नंतर सगळ्यांचं सुरू. किती कोवळा आवाज! अश्विनी: जणू सोळा वर्षांची मुलगी गातेय.

मी टाकलं: ‘तेव्हा पन्नाशीच्या होत्या. लहानपणी उरुसात समोर बसून ऐकलंय. रेकॉर्डिंग दोन पट्ट्या वर आहे.’

करमरकर सर (निवृत्त प्राध्यापक, संगीतावर दोन पुस्तकं): ‘रशीदमियाँ, मी त्या काळी मुळशीत गावोगावच्या मांडवांत हीच कॅसेट ऐकली आहे. अशीच होती. कान हे नाजूक यंत्र आहे, पाण्याचा पंप नव्हे.’

त्यावर पाच हसरे चेहरे. मोजले.

मियाँ म्हणतात. मी त्यांना सर म्हणतो.

मंगळ. ९ सप्टें.

भरे गावाला गेलो. शांताक्कांचा पंप भरून झाला होता, तो द्यायला. खरं तर तेवढ्यासाठी नाही. शांताक्का म्हणजे हौसाबाईंची धाकटी लेक. ओट्यावर बसून फोनवर गाणं लावलं.

‘ही कोन पोरगी?’

‘तुमची आई.’

‘ह्या! ही आमची आय न्हाई. आय जड गायाची. बांदावरनं आवाज दिला तर खालच्या खाचरातलं बैल थांबायचं. ही तर कुनाच्या लग्नातली करवली वाटतीया.’

दोन मिनिटांनी फोन परत दिला. पूर्ण ऐकलं नाही.

‘पुन्याच्या मान्सांनी ह्येच ऐकलं व्हय?’

‘व्हय.’

‘मग सांगा की त्यास्नी.’

‘सांगितलं. ऐकत नाहीत.’

‘ऐकाया बसत्यात म्हनता आन ऐकत न्हाईत?’

पंप जोडून दिला. पाणी चढलं.

गुरु. ११

फोनवर पट्टी मोजायचं ॲप उतरवून घेतलं. मला लागत नाही, पण पुस्तकं लिहिणाऱ्यांना आकडा लागतो. गुणगुण: ५६. माझा अंदाजही छप्पन्नच होता. (अंदाज आधी कागदावर लिहिला, मग ॲप लावलं. कागद जपून ठेवलाय.)

रवि. १४

आज दुसऱ्या कुणाची निवड होती. ती शेवटपर्यंत ऐकली, ठिपका टाकला, मग मागचा विषय काढला. ५६ चा फोटो टाकला.

करमरकर सर (यापुढे क.स.): ‘त्या काळी वीज पन्नासला कुठे असायची? कधी अठ्ठेचाळीस, कधी एकोणपन्नास.’

मी: ‘सर, खाली जायची. छप्पन्नपर्यंत चढली असती तर तालुक्यातल्या सगळ्या मोटारी जळाल्या असत्या आणि मी आज बंगल्यात बसून तुमच्याशी भांडलो असतो.’

अश्विनी हसली. क.स. नाही. त्यांनी उलट मोठं टिपण टाकलं. मुद्दा असा, की चौथ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात हलगीचा एक ठोका मुद्दाम गाळलाय. बाई क्षणभर अधांतरी राहते आणि मग समेवर येते. ‘ही लयीची जाण शाळेत शिकवून येत नाही.’ सगळ्यांनी वा वा केली.

गेल्या रविवारी चौथ्या गाण्यापर्यंत मी ऐकतच नव्हतो. आत्ता लावलं. दुसरं कडवं. ठोका नाही.

मागे नेऊन पुन्हा लावलं. नाहीच.

तो ठोका कुणी गाळलाय ते मला माहीत...

सोम. १५

दुकान अकराला उघडलं. आधी माळ्यावरचा कॅसेटींचा खोका काढला. हौसाबाई, साइड ए. फीत हाताने ओढून उजेडात धरली. चौथ्या गाण्यात सांधा आहे. तिरका काप. बाकीचे सरळ कापायचे, मी तिरका देतो, म्हणजे खट्ट आवाज येत नाही. फीत रोलरमध्ये गुंतून चुरगळली होती, तेवढा तुकडा मीच ब्लेडने काढला. त्यात एक ठोका गेला.

नेटवर जी आहे ती माझ्याच कॅसेटवरून उतरवलेली आहे. पंधराएक वर्षांपूर्वी पिरंगुटचा एक मेमरी कार्ड भरून देणारा लॅपटॉप घेऊन आला होता, वीस कॅसेटी उतरवून घेऊन गेला. याच टेबलावर. माझ्याच कॅसेट डेकवर.

डेकचा स्पीड तेव्हा...

बुध. १७

काल काही लिहिलं नाही. आज लिहितो, जसं आहे तसं.

पिरंगुटपासून ताम्हिणीपर्यंत मांडववाल्यांचे डेक माझ्याकडे यायचे. डेकच्या मोटारीच्या मागे बारीक भोक असतं, आत पेच. पाव फेरा दिला की गाणं पळायला लागतं. गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं. संथ गाण्यावर वरात हलत नाही. लोक ‘रशीदचा स्पीड’ म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता. दुकानातला डेकही त्याच स्पीडला लावून ठेवलेला, गिऱ्हाइकाला ऐकवायला. मेमरी कार्डवाला आला तेव्हा पेच परत फिरवायला हवा होता. फिरवला नाही. डोक्यातच आलं नाही.

म्हणजे क.स. खोटं बोलत नाहीत. त्यांनी मांडवात जे ऐकलं ते असंच होतं. मीच तसं केलं होतं.

शमीम जेवायला हाक मारून मारून दुकानात आली. ‘अहो, कॅसेटकडे बघून पोट भरणारे का?’ तिला सगळं सांगितलं.

‘मग गप्प बसा. कुणाला कळतंय?’

‘मला कळतंय.’

‘आणि त्या शांताक्का?’

‘त्यांना तर आधीच कळलंय.’

‘मग राहिलं कोण? पुस्तकवालेच ना?’ आणि हसत गेली. रस्सा गार झाला होता. नंतर उमगलं, सांगायचं कुणाला राहिलंय ते गप्प बसा म्हणणारीनेच दाखवलं.

रवि. २१

ऐकणं झाल्यावर टाकलं. चार वेळा लिहून खोडलं होतं, पाचव्यांदा हे गेलं:

‘हौसाबाईंची नेटवरची प्रत माझ्या दुकानात, माझ्या डेकवर उतरवलेली आहे. डेक मांडवाच्या स्पीडला होता. तो स्पीड मी लावला होता. चौथ्या गाण्यातला ठोका हौसाबाईंनी गाळलेला नाही, माझ्या ब्लेडने गेलाय. चूक माझी. पण आवाज चुकीचा आहे हे पहिल्या दिवशी सांगितलं तेही मीच, आणि ते आजही तसंच आहे.’

पहिलं उत्तर क.स. यांचं: ‘म्हणजे आरोपीही आपण आणि फिर्यादीही आपणच! वा, रशीदमियाँ.’ हसरे चेहरे. या वेळी मोजले नाहीत.

मी लिहिलं: ‘हो. आणि ५ ऑक्टोबरला माझी पाळी आहे. मी हौसाबाईच ठेवतोय, बरोबर स्पीडला.’

नियम असा, की एकदा ऐकलेलं परत ठेवायचं नाही. अश्विनीचा फोन आला. ‘रशीदभाई, नियम मीच केलाय हो. माझीच पंचाईत. लातूरहून इथं येऊन नऊ माणसं जमवली मी. एकाला सूट दिली की संपलं बघा. दुसरं काही घ्या ना.’

‘हे दुसऱ्यांदा नाही. पहिली वेळ अजून झालेलीच नाही. त्या दिवशी तुम्ही हौसाबाईंना ऐकलंच नाहीत.’

मग ती: ‘सर म्हणालेत, हे ठेवलं तर ते येणार नाहीत.’

‘त्यांची मर्जी.’

‘तुम्ही ना, भांडायलाच जन्माला आलात.’

‘नाही. मोटारी भरायला.’

ठेवा म्हणाली नाही. नको असंही म्हणाली नाही.

शनि. २७

सकाळपासून डेक. नवा बेल्ट, रोलर स्पिरिटने पुसला, हेड पुसलं. सगळं झाल्यावर पेच. डावीकडे, केसाकेसाने, गुणगुण पन्नासला येईपर्यंत. ॲप लावलं ते शेवटी, साक्षीला. ५०.

पहिलं गाणं नेटवर साडेपाच मिनिटं आहे. आता सहा मिनिटं दहा सेकंद. म्हणजे चाळीस सेकंदांची हौसाबाई मी पंधरा वर्षं दाबून ठेवली होती.

शमीम पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. गाणं संपेपर्यंत हलली नाही. ‘ही बाई दमलेली आहे हो,’ म्हणाली. ‘दिवसभर कापणी करून गातेय.’ ग्रुपवरच्या सात विद्वानांपैकी एकालाही हे ऐकू आलं नव्हतं. यायचं कसं, मी दमू दिलंच नव्हतं.

ठोका परत आणता येणार नाही. तिथे मी काही लपवलेलं नाही. भोक तसंच राहील.

फाइल सगळ्यांना पाठवली. क.स. यांनाही.

रवि. ५ ऑक्टोबर

मध्यंतरात लिहितोय. साइड ए झाली, बी ला दहा मिनिटं आहेत.

शांताक्का चार वाजताच दुकानात आल्या, नवं लुगडं नेसून. खुर्चीवर नको म्हणाल्या, टेबलापाशी पोत्यावर बसल्या. त्यांच्यासाठी फाइल नाही, डेकवर खरी कॅसेट लावली. अश्विनीने सुरुवातीला एवढंच म्हटलं, ‘आज रशीदभाईंची पाळी. हौसाबाई. पहिल्यांदा.’ पहिल्यांदा. मी डेकच्या बटणावर बोट ठेवलं.

तीन, दोन, एक.

बाजू संपली. ठिपके आले: एक, दोन, तीन... सात. मी आठवा. मग बऱ्याच वेळाने नववा. करमरकर सर. नुसता ठिपका. बाकी कुणी एक अक्षर लिहिलेलं नाही. कोवळा नाही, जड नाही, काहीच नाही.

शांताक्का पदराने तोंड पुसत होत्या. ‘आईच ना?’ मी विचारलंच. विचारायला नको होतं, पण माझा स्वभाव.

‘आय हाय,’ म्हणाल्या. ‘आयच हाय.’ मग डेककडे बघत, ‘पर अजून जरा जड व्हती.’

मी ॲप दाखवणार होतो. पन्नास, बरोब्बर पन्नास. फोन हातात घेतला आणि क.स. यांचं वाक्य आठवलं. त्या काळी वीज पन्नासला कुठे असायची? कधी अठ्ठेचाळीस, कधी एकोणपन्नास.

‘खाली जायची’ हे तेव्हा मीच त्यांना उत्तर म्हणून सुनावलं, स्वतःच्या डेकला लावून बघितलंच नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी वीज अठ्ठेचाळीसला असेल, तर मी पन्नासला ओढून हौसाबाईंना अजूनही पळवतोय.

ग्रुपवर टाकलं: ‘साइड बी फाइलवरून नको. दहा मिनिटं थांबा, माझ्या डेकवरून थेट ऐकवतो. स्पीड अजून खाली जाणार आहे.’

लगेच क.स.: ‘कशाच्या आधारावर?’

लिहिलं: ‘तुमच्याच, सर. १४ सप्टेंबरचं वाचा.’

ते काहीतरी टाइप करतायत. थांबतायत. पुन्हा टाइप करतायत. करू देत.

ॲप बंद केलं. स्क्रूड्रायव्हर मोटारीच्या भोकात आहे. पेच डावीकडे. कुठे थांबायचं ते शांताक्का सांगतील.